मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची डबी आहे. जर्मनची म्हणजे परदेशातून आलेली नव्हे हं, आपल्याकडे ॲल्युमिनियमलाच जर्मन म्हणतात. उगाच मला मोठेपणा चिकटवू नका. कुठल्या कारखान्यात माझा पत्रा कापला, कुणी मला दाबून गोल केलं, यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी पालघरच्या बाजारात एका भांडेवाल्याच्या गाडीवर दोरीला टांगलेली होते आणि वारा आला की शेजारच्या झाऱ्यावर आपटत होते. तेव्हापासून जी हलते आहे ती हलतेच आहे. स्वस्थ बसणं म्हणतात ते काय असतं, मला ठाऊक नाही.

मला विकत घेतलं शिरगावच्या जमनाने. जमना कोळीण आहे. सुकी मासळी घेऊन ती रोज बोईसरच्या बाजारात जाते. बोंबील, जवळा, करंदी, जे सुकवलेलं असेल ते पाटीत भरायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि निघायचं. मला ती कनवटीला खोचायची, म्हणजे कमरेला, लुगड्याच्या घडीत. ती चालली की मी चालायची, ती गिऱ्हाइकाशी भांडली की मी थरथरायची, ती हसली की माझं झाकण वाजायचं. आणि जमना दिवसभर यातलं काही ना काही करतच असते.

माझं काम होतं मिश्री सांभाळायचं. मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड. दात घासायचं निमित्त करायचं आणि बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं, असा तो प्रकार. वाईट खोड. पण तेव्हा मला काय त्याचं? माझा केवढा मान होता. सकाळी उठल्या उठल्या जमना देवाच्या आधी मला शोधायची. मी गादीखाली सरकले असले तर घर डोक्यावर घ्यायची. "डबी कुटं हाय? डबी नाय तं माजा दिसच उगवत नाय," असं ती सगळ्यांना सांगायची. मी आपली फुगून बसायची.

मग तिच्या छातीत जळजळ व्हायला लागली. जेवली की घशाशी आंबट पाणी यायचं. वाकून पाटी उचलताना ती मधेच थांबायची आणि छातीवर मूठ दाबायची. तिच्या सुनेने, हेमांगीने, तिला धरूनच डॉक्टरकडे नेलं. हेमांगी तारापूरच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत कामाला जाते, मोजकं बोलते. डॉक्टरांनी तपासलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं. मिश्री बंद. ही कॅप्सूल रोज सकाळी उपाशी पोटी घ्यायची, खाण्याच्या अर्धा तास आधी, चावायची नाही, फोडायची नाही. एवढ्या संपल्या की परत येऊन दाखवायचं, आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत. हेमांगी मान हलवत होती. जमना खिडकीतून बाहेर टमटम निघाली का ते बघत होती.

एक सांगते, मिश्री तिने खरंच सोडली. चार दिवस चिडचिड केली, लेकाला, मिथुनला, विनाकारण बोलली, तो बिचारा बोटीवर पळाला, पण सोडली. मला राखेने आणि चिंचेने घासून लख्ख केलं. मला वाटलं, संपलं, आता भंगारात. तेवढ्यात तिने काय करावं? गोळ्यांचं पाकीट घेतलं, ते फोडून एकेक कॅप्सूल पटापट बाहेर काढली आणि सगळ्या माझ्यात ओतल्या. पाकीट दिलं फेकून. कारण काय, तर त्याची कडा कनवटीला टोचते.

तेव्हा मला आनंदच झाला होता, लपवत नाही. पण आनंद फार टिकला नाही. अहो, मी मिश्रीची डबी. माझं झाकण सैल. मिश्रीला दमट चालतं, खारट हात चालतात, काहीही चालतं. गोळ्यांना चालत नाही. कंपनीने त्यांना एकेकटं खोलीत बंद करून पाठवलेलं असतं ते काय हौसेखातर? समुद्रावरची हवा, घामाचं अंग, जवळ्यात बुडवलेली बोटं, या सगळ्याने त्या लाल कॅप्सूल मऊ पडल्या, एकमेकींना चिकटल्या. पाकिटावर नाव असतं, ताकद लिहिलेली असते, कधीपर्यंत चांगली ती तारीख असते. माझ्यावर काय आहे? एक पोचा. आणि तोही जमनाने मला खेकड्याच्या नांगीवर आपटल्याचा.

जळजळ थांबली, तशी जमना डॉक्टरांना विसरली. गोळ्या संपल्या की दुकानात जायची आणि म्हणायची, "तीच लाल द्या." दुकानदार गर्दीत असायचा, देऊन मोकळा व्हायचा. सकाळी उपाशी पोटी वगैरे केव्हाच मागे पडलं. जेवण जड झालं, घे. मिरची जास्त झाली, घे. उद्या लग्नाला जायचंय, आजच घेऊन ठेव. नुसती घ्यायची म्हणजे तरी बरं होतं, ती वाटायचीही. बोईसरला कंपन्यांतून सुटलेली माणसं तिच्याकडे सुका जवळा घ्यायला येतात. कुणी पोटाला हात लावून म्हणालं, "मावशी, वो गॅसवाली गोली है क्या?" की जमना मला कनवटीतून काढून पुढे धरायची, हळदीकुंकवाचं तबक धरावं तशी. जीव मोठा आहे हो तिचा. पण माझा जीव खालीवर व्हायचा. कुणाला दुसरा काय आजार आहे, कोण आणखी कुठली औषधं घेतंय, हे तिला कुठून माहीत असणार?

त्यात तिचे गुडघे दुखायला लागले. दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायचं, दुखतीलच. एका गिऱ्हाइकाने तिला दुखण्यावरची पांढरी गोळी सांगितली. ती आली. तीही पाकिटातून सुटली आणि माझ्यात पडली. दुखलं की पांढरी. पांढरीने पोटात आग झाली की लाल. आग विझली की परत पांढरी. तिच्या शेजारी पाम गावाहून भाजी घेऊन येणारी ठकी बसते, तिला जमना अगदी समजावून सांगायची, "पांडरी आग लावते, लाल इझवते. दोगी एकाच डबीत, भांडन नाय, तंटा नाय." ठकी आपली शेवग्याच्या शेंगा बांधता बांधता म्हणायची, "बाय, माना नाय कलत. तू डागदरला इचारलास?" जमना हात झटकायची.

आणि मी? मी त्या लाल-पांढरीला पोटात घेऊन दिवसभर खुळखुळत होते. सकाळपासून पांढऱ्या किती कमी झाल्या ते मला आतून कळायचं. एकदा मी जोर करून झाकण उघडलंच. सगळ्या गोळ्या बाजाराच्या धुळीत सांडल्या. म्हटलं, सुटली एकदाची. जमनाने एकेक वेचली, फुंकर मारली आणि परत माझ्यात टाकली. काय करायचं अशा बाईला?

आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथे आहे.

माकुल तुम्हाला माहीत असेल, समुद्रातली मऊ, बिनकाट्याची मासळी. तिच्या पोटात शाईची पिशवी असते, काळीभोर. जमनाला माकुल शाईसकट लागते. सून घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने बजावलं होतं, "शाई टाकायची नाय हां. शाई हाय तं माकुल हाय." हेमांगी "हो" म्हणाली होती. पण हेमांगीचं माहेर माकुणसार गावचं, बागायती वाडीतलं, मासळीवाल्यांचं नव्हे. तिला त्या शाईचा वास सहन होत नाही. जमना आंघोळीला गेली की मला चुलीजवळच्या फळीवर ठेवून जाते, म्हणून मी पाहिलेलं आहे. हेमांगी प्रत्येक वेळी शाईची पिशवी अलगद काढायची, मोरीत टाकायची, वर दोन तांबे पाणी ओतायची. मग खोबरं तव्यावर काळं होईपर्यंत भाजायची आणि त्याचं वाटण कालवणात घालायची. कालवण असं काळं दिसायचं की विचारू नका. जमना बोटं चाटून खायची आणि म्हणायची, "शाईची चवच येगली." हेमांगी खाली मान घालून भाकरी मोडायची. मला हसू यायचं. घरातली गंमत, कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

मग एका आठवड्यात घरात अशीच माकुल झाली. त्यानंतर जमना बाजारात ठकीच्या कानाशी लागून म्हणाली, "ठके, परसाकडला नुसता काला होते गो. डांबरासारखा."

ठकीने हातातली जुडी खाली ठेवली. "कदीपासून?"

"कालपासून. परवापासून. माकुल खाल्ली ना मी. शाई हाय ती."

"तुजा तोंड पांडरा दिसते, बाय."

"उनान बसून कुनाचा तोंड लाल होईल?" जमना म्हणाली आणि दोघी हसल्या.

मित्रांनो, माझ्या पोटात गोळा आला. गोळ्या होत्याच, त्यात हा एक. कारण शाई नव्हती. शाई मोरीतून केव्हाच वाहून गेली होती. हे हेमांगीला ठाऊक होतं, पण काळ्या रंगाचं तिला ठाऊक नव्हतं. काळ्या रंगाचं ठकीला ठाऊक होतं, पण शाईचं नव्हतं. दोन्ही ठाऊक होतं ते एकटीला, मला, आणि मला तोंड नाही. मी खुळखुळले, जमनाने मला आणखी घट्ट खोचलं. मी कुशीत रुतले, तिने मला डावीकडून उजवीकडे घेतलं. दिवसभर मी तळमळत होते. तिचं अंग गार लागत होतं. पायऱ्या चढताना ती धापा टाकत होती. तरी पांढऱ्या गोळ्या चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातच व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकाला बोंबील देऊन ती उठायला गेली आणि ठकीच्या भाजीवर आडवी झाली. ठकीने आरडाओरडा न करता तिचं डोकं मांडीवर घेतलं. समोरचा रिक्षावाला "मावशी को इधर से उठाओ, संभाल के" म्हणत धावला. तिघाचौघांनी मिळून तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. बरोबर आलेल्या ठकीने कुणाच्या तरी मोबाईलवरून हेमांगीला कळवलं. हेमांगी कंपनीच्या कपड्यांतच आली.

डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, इथे नवीन. तोवर जमना शुद्धीवर आली होती आणि घरी जायचं म्हणत होती. माल तिकडे उघडा पडलाय, कावळे खातील, हे तिचं चाललेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, औषधं कुठली घेता?" जमनाने मला पुढे केलं. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. लाल आणि पांढऱ्याचा एक चिकट गोळा झाला होता, त्यात दोन जवळेही होते.

"या कसल्या गोळ्या? पाकीट कुठं आहे?"

"पाकीट टोचते, डागदर. फेकला."

"नाव काय गोळ्यांचं?"

"लाल नि पांडरी."

डॉक्टरांनी कपाळावर हात घासला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी दोन दिवस वाट बघत होते. "संडासचा रंग कसा होता? काळा वगैरे?"

"काला होता," जमना म्हणाली. "पन त्ये काय नाय. माकुल खाल्ली मी."

"माकुल म्हणजे?"

सपना नावाची नर्स तिथे पट्टी बांधत होती. ती इथलीच. ती सहज म्हणाली, "सर, मासा असतो. त्याच्यात शाई असते काळी. ती खाल्ली की होतं तसं. आमच्याकडेपण होतं." तिचं काही चुकलं नाही. शाई खाल्ली की होतंच तसं.

डॉक्टरांनी जमनाच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. नाडी पाहिली. रक्त तपासायला हवं म्हणाले, तर जमना सुई नको म्हणून हटून बसली. "ऊन लागला मना. सलाईन लावा नि सोडा. मी सही देते." डॉक्टर घुटमळले. पेन त्यांच्या हातात होतं. जमना खाटेवरून पाय खाली सोडून पायाने चपला शोधत होती.

डॉक्टरांनी मला परत दिलं होतं आणि मी आता हेमांगीच्या मुठीत होते. ती मला उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. मला तिच्या नाडीचे ठोके लागत होते. बोल ना बये, असं मी सारखं म्हणत होते. जमनाला एक चप्पल सापडली. सासूला काय वाटेल, ठकीसमोर, नर्ससमोर, इतक्या वर्षांचं खोटं, हे सगळं हेमांगीच्या मनात चाललेलं मला कळत होतं. जमनाला दुसरी चप्पलही सापडली.

"सर," हेमांगी म्हणाली, "त्यात शाई नव्हती."

जमना थांबली. "काय नव्हता?"

"शाई. मी काढून टाकते, आई. मला वास सहन होत नाही. खोबरं काळं भाजून घालते, म्हणून रंग येतो."

ठकीने पदर तोंडाला लावला. जमना सुनेकडे बघतच राहिली. "मागल्या टायमाला पन?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "मावशी, मग ते रक्त आहे," ते म्हणाले. "पोटात जखम झाली की रक्त असं काळं होऊन बाहेर येतं. आता तुम्हाला मी कुठं सोडत नाही." त्यांचा आवाज बदलला होता. जमनाने पाय परत खाटेवर घेतले. हात पुढे केला आणि सुई टोचेपर्यंत हेमांगीवरची नजर काढली नाही.

रक्त फार कमी झालं होतं. तिला तिथून मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे रक्त चढवलं, दुर्बीण घालून पोटातली जखम पाहिली आणि वाहणं थांबवलं. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी हेमांगीला बाजूला घेऊन सांगितलं. मी तिच्या पर्समध्ये होते. मी ऐकलं. तुम्हाला सांगत नाही.

आम्ही तिकडे निघण्याआधी बोईसरच्या त्या डॉक्टरांनी मला कागदावर पालथी केली होती आणि हेमांगीला समजावलं होतं. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने आणि सारख्या घेतल्या की पोटात अशी जखम होऊ शकते. लाल कॅप्सूल वाईट नाही. नीट घेतली, डॉक्टरांना विचारून घेतली, तर ती पोट सांभाळते. पण मावशींच्या कॅप्सूल ओलाव्याने खराब झाल्या होत्या आणि मावशी त्या घेत होत्या जेवणावर, मनाला येईल तेव्हा. त्यामुळे आग थोडी दबत राहिली आणि जखम वाढत राहिली. आग जाणवली असती तर मावशी आधीच आल्या असत्या. मग त्यांनी माझ्यातला तो चिकट गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. इतक्या महिन्यांनी मला हलकं वाटलं, आणि रडूही आलं.

मिथुन बोटीवरून परतला तो थेट इस्पितळात. जमना उठून बसली होती. सुनेशी तिने दोन दिवस एक अक्षर काढलं नव्हतं. हेमांगी पेज भरवायची, ती तोंड उघडायची, एवढंच. त्या दिवशी पेज संपल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "खोबरा बरा भाजतेस." हेमांगी वाटी धुवायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

आता जमना घरी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांच्या पाकिटातच राहतात, देवघराच्या फळीवर, कोरड्या जागी. सकाळी चहाच्या आधी हेमांगी एक कॅप्सूल आणि पाण्याचा पेला समोर धरते. जमना कुरकुरते आणि गिळते. किती दिवस घ्यायच्या ते ठरलेलं आहे, आणि मधे जाऊन दाखवायचंही ठरलेलं आहे. बाजारात कुणी गोळी मागितली तर ती म्हणते, "मी डागदर हाय काय?" गुडघे अजून दुखतात. त्यावर ती शेकते, चोळते आणि बोलून दाखवते.

परवा माकुल आली. हेमांगीने या वेळी जमनाच्या समोर पाट मांडला. माकुल चिरली, शाईची पिशवी बोटांवर घेतली आणि विचारलं, "आई, ठेवू?"

जमनाने त्या पिशवीकडे पाहिलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला फळीवरून दिसत होतं. मग ती म्हणाली, "काड ती. परत कदी काला झाला, तं शाई का रगत, ह्यो घोळ नको."

मित्रांनो, मी आता रिकामी आहे. रिकामं राहणं मला मुळीच आवडत नाही, जीव कासावीस होतो. दिवसातून दहा वेळा वाटतं, काहीतरी घाला माझ्यात. सुया घाला, गुंड्या घाला, शेवग्याचं बी घाला. पण गोळ्या घालू नका, हात जोडते. गोळीला तिच्या नावासकट, तारखेसकट तिच्या घरात राहू द्या. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेली मनाने वाढवू नका आणि मनाने बंदही करू नका. आणि घरात कुणी आजी, मावशी, काका हसत हसत म्हणाले की परसाकडला काळं होतंय, चक्कर येतेय, तर तुम्ही हसू नका. काय खाल्लं ते विचारा, कुठल्या गोळ्या घेतल्या तेही विचारा, आणि त्याच पावली त्यांना दवाखान्यात न्या. मी दोन दिवस सगळं जाणून कनवटीला नुसती खुळखुळत राहिले. तुम्हाला बोलता येतं.